कार्यालयीन दस्तऐवज थेट ई-मेलने : सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील कार्यालयांसाठी एक पाठ

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले येथील कार्यालयांचे जिल्हास्तरीय कागद रत्नागिरीस जात असत. जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस येथे आले आणि प्रशासन जनतेच्या अधिक जवळ आले. तथापि, खाड्यांनी ठिकठिकाणी तुटलेला किनारा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे कागद वेळेवर पोहोचविणे ही येथील कार्यालयांची जुनीच चिंता आहे. आज बहुतेक पत्रव्यवहार संगणकावरून होतो. अंतराचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटला; परंतु योग्य कागद, योग्य ठिकाणी, योग्य वेळी पोहोचला किंवा नाही, हा प्रश्न मात्र कायम आहे.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेस गेले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य सर्वांच्याच लक्षात आले. घरांची छपरे उडाली, आंबा-काजूच्या बागा मोडल्या, मच्छीमारांच्या होड्या व जाळ्यांचे नुकसान झाले. वीज खंडित झाली आणि दूरध्वनी-संपर्कही विस्कळीत झाला. अशा वेळी पंचनाम्यांच्या याद्या गावातून तालुक्यास व तालुक्यातून जिल्ह्यास जावयाच्या असतात. त्या यादीतील एक ओळ म्हणजे एका कुटुंबाची मदत होय. ती ओळ गळाली, तर त्या कुटुंबाला पुन्हा अर्ज करून वाट पाहावी लागते.

चूक कोठे होते?

समजा, किनाऱ्यावरील एका ग्रामपंचायतीने नुकसानग्रस्तांची यादी तयार केली. पहिल्या दिवशी एकोणचाळीस नावे झाली. दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या वाडीतील तीन घरे वाढून बेचाळीस झाली. यादी जतन करून प्रोग्राम बंद केला गेला. नंतर ब्राउझर उघडून ई-मेलचे पान उघडले, पत्र लिहिले आणि सहपत्र जोडण्यासाठी फाइल शोधण्यास सुरुवात झाली. समोर तीन नावे आली: ‘यादी’, ‘यादी नवीन’ आणि ‘यादी अंतिम’. दिवसभर पंचनामे करून थकलेल्या कर्मचाऱ्याने त्यांतील पहिल्या दिवसाची फाइल जोडली. पत्रात बेचाळीस कुटुंबे आणि सहपत्रात एकोणचाळीस! तालुक्याचे कार्यालय सहपत्राप्रमाणेच पुढील कार्यवाही करणार. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. लिहिलेला कागद आणि पाठविलेला कागद यांच्यामध्ये शोधाशोधीची एक पायरी आली, आणि त्या पायरीवरच पाय घसरला.

ही पायरी टाळण्याची सोय आपल्या संगणकात बहुधा उपलब्ध असते. परंतु तिचा वापर फारसा केला जात नाही. ज्या प्रोग्राममध्ये आपण पत्र किंवा तक्ता तयार करतो, त्याच प्रोग्राममधून तो थेट ई-मेलने पाठविता येतो.

थेट पद्धत कशी चालते?

लिब्रे ऑफिस या विनामूल्य प्रोग्राममध्ये ‘फाइल’ या सूचीत ‘सेंड’ हा पर्याय असतो. त्यात ‘ईमेल डॉक्युमेंट’ आणि ‘ईमेल ॲज पीडीएफ’ अशा आज्ञा आढळतात. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड व एक्सेल यांतही ‘फाइल’ सूचीतील ‘शेअर’ या भागात अशीच सोय असते. आवृत्तीनुसार तिची जागा व नाव थोडेफार बदलते.

ही आज्ञा दिली म्हणजे लेखनाचा प्रोग्राम स्वतः टपाल पाठवीत नाही. तो समोर उघडलेल्या दस्तऐवजाची एक प्रत तयार करतो आणि संगणकाच्या कार्यप्रणालीस जणू विचारतो, ‘या यंत्रावर टपालाचे काम कोणाकडे सोपविले आहे?’ ज्या मेल प्रोग्रामची तशी नोंद असेल त्याच्याकडे ती प्रत सुपूर्द केली जाते. मेल प्रोग्राम नवे पत्र उघडतो; सहपत्र त्यात आधीच जोडलेले असते. पत्ता, विषय आणि मुखपत्राचा मजकूर लिहून ते रवाना करावयाचे एवढेच काम उरते. विंडोज प्रणालीत या देवाणघेवाणीसाठी ‘मॅपी’ नावाची ठरावीक जोडणी वापरली जाते. ती जोडणी ओळखणारा मेल प्रोग्राम, उदाहरणार्थ थंडरबर्ड किंवा आउटलुकची ‘क्लासिक’ संगणकीय आवृत्ती, यंत्रावर असणे ही या पद्धतीची पहिली अट होय.

येथेच अनेकांची अडचण होते. ज्या कार्यालयात ई-मेल केवळ ब्राउझरमध्ये उघडला जातो, तेथे वरील आज्ञा दिल्यास काहीच घडत नाही, किंवा मेल प्रोग्राम सापडत नसल्याचा संदेश येतो. ब्राउझरमधील पान हे यंत्रावर नोंदविलेला मेल प्रोग्राम नसते. म्हणून त्याच्याकडे सहपत्र सोपविता येत नाही. यंत्र बिघडले असा समज करून घेण्याचे कारण नाही.

पूर्वतयारी

ही तयारी एकदाच करावी लागते. प्रथम मेल प्रोग्राम बसवून त्यात कार्यालयाचे अधिकृत खाते जोडावे. येणाऱ्या व जाणाऱ्या टपालासाठी लागणारी माहिती ई-मेल सेवा देणाऱ्या यंत्रणेकडून घ्यावी. सुरक्षिततेच्या कारणास्तव काही यंत्रणा बाहेरील मेल प्रोग्रामला परवानगी देत नाहीत, तर काही स्वतंत्र संकेतशब्द मागतात. परवानगी नसेल, तर सोयीसाठी खासगी खाते वापरण्याचा मार्ग स्वीकारू नये. तेथे दस्तऐवजाची पीडीएफ प्रत काढावी, तिला दिनांक व जावक क्रमांकासह नाव द्यावे आणि पाठविण्यापूर्वी जोडलेले सहपत्र उघडून पाहावे. थेट पद्धतीचा मुख्य लाभ, म्हणजे चुकीची प्रत न जाणे, या शिस्तीनेही साधता येतो.

दुसरी पायरी म्हणजे तो मेल प्रोग्राम यंत्राचा मूळ मेल प्रोग्राम म्हणून नेमणे. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’ मधील ‘डिफॉल्ट ॲप्स’ येथे ही नेमणूक करता येते. लिनक्स प्रणालीवर लिब्रे ऑफिसच्या ‘टूल्स’ सूचीतील ‘ऑप्शन्स’ मध्ये, ‘इंटरनेट’ या भागात, मेल प्रोग्रामचे स्थान नोंदविता येते. इतके करूनही दोन्ही प्रोग्राम जुळत नसतील, तर एक ३२ बिटांचा व दुसरा ६४ बिटांचा तर नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

तिसरी पायरी चाचणीची. प्रथम आपल्याच कार्यालयाच्या पत्त्यावर एक साधे पत्र पाठवावे, आलेले सहपत्र उघडावे आणि मूळ कागदाशी ताडून पाहावे.

शिक्कामोर्तबाचा धडा

मराठेशाहीतील पत्रांवर शिक्का असे, तसेच पत्राच्या शेवटी मोर्तब केले जाई. पत्र येथे संपले, यापुढे कोणी काही लिहिल्यास ते आमचे नव्हे, असा त्या मोर्तबाचा अर्थ होता. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही त्याच भावनेने वापरतो. संगणकीय पत्रालाही अशा सीमेची गरज आहे.

संपादनयोग्य स्वरूपात पाठविलेला दस्तऐवज घेणाऱ्याच्या यंत्रावर सहज बदलू शकतो, आणि कित्येकदा अनवधानानेच बदलतो. म्हणून ज्या कागदावर पुढे काम करावयाचे आहे, उदाहरणार्थ तालुक्याने भरावयाचा तक्ता, तोच संपादनयोग्य स्वरूपात पाठवावा. ठराव, दाखला, अंतिम यादी यांसारखे कागद पीडीएफ स्वरूपात पाठविणे इष्ट. मात्र पीडीएफ म्हणजे पूर्ण मोर्तब नव्हे. योग्य साधनांनी त्यातही बदल करता येतो. नंतर बदल झाला असल्यास तो उघड करणारी खूण म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. जेथे कायद्याने स्वाक्षरी आवश्यक आहे, तेथे पत्राखाली नाव टंकित केल्याने ती गरज भागत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखास व विहित रीतीने केलेल्या स्वाक्षरीस मान्यता आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

पीडीएफचा आणखी एक लाभ मराठी कार्यालयांना विशेष जाणवेल. जुन्या, युनिकोड नसलेल्या अक्षरसंचांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर तो अक्षरसंच नसल्यास निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत नेता येतात. तरीही नवे लेखन युनिकोडमध्येच करावे; त्यायोगे मजकूर शोधता येतो व पुन्हा वापरता येतो.

पाठविण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे दस्तऐवज प्रथम जतन करावा आणि मगच पाठवावा. जतन न करता पाठविल्यास गेलेली प्रत आणि कार्यालयात राहिलेली प्रत यांत अंतर पडू शकते. पाठविल्यानंतर मूळ कागदात केलेली दुरुस्ती गेलेल्या प्रतीत होत नाही. त्यासाठी ‘सुधारित’ असा स्पष्ट उल्लेख करून नवे पत्र पाठवावे लागते.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. लाभार्थ्यांच्या तक्त्यात आधार क्रमांक व बँक खाते क्रमांक यांचे स्तंभ दृष्टीआड केले, तरी तक्ता मूळ स्वरूपात पाठविल्यास घेणारा ते पुन्हा उघडू शकतो. मसुद्यातील शेरे व दुरुस्त्यांच्या खुणाही तशाच जातात. ज्यास जेवढी माहिती आवश्यक, त्यास तेवढीच द्यावी. शाळेतून विद्यार्थ्यांच्या याद्या पाठविणाऱ्या मुख्याध्यापकांनीही हा नियम कसोशीने पाळावा.

तिसरी गोष्ट आकारमानाची. ई-मेलमध्ये सहपत्राचे रूपांतर अक्षरांत होते आणि तीन भागांचे चार भाग होतात. म्हणजे १५ एमबीचे सहपत्र वाटेत सुमारे २० एमबीचे होते. पंचनाम्याची छायाचित्रे जोडताना ती आधी लहान करून घ्यावीत, अथवा दोन-तीन पत्रांत विभागून ‘भाग १’, ‘भाग २’ असा क्रम द्यावा.

रवाना केव्हा, पोच केव्हा?

मेल प्रोग्रामचा आपल्या किनारपट्टीस होणारा मोठा लाभ म्हणजे संपर्क नसतानाही पत्र तयार करून ठेवता येते. बॅटरीवर संगणक चालत असेल, तर यादी पूर्ण करून ती पत्रास जोडता येते. पत्र ‘आउटबॉक्स’ मध्ये थांबते. संपर्क पूर्ववत झाल्यावर प्रोग्राम ते पाठवितो किंवा पाठवावे काय असे विचारतो. केवळ ब्राउझरवर अवलंबून असणाऱ्या कार्यालयास बहुधा ही सवड मिळत नाही.

परंतु याच ठिकाणी सावधगिरीही हवी. आउटबॉक्समधील पत्र हे टपालपेटीत टाकलेले पत्र नसून आपल्याच टेबलावरील पत्र आहे. वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम १३ नुसार, अन्यथा ठरलेले नसल्यास, अभिलेख पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणकीय साधनात शिरतो तेव्हाच तो रवाना झाला असे मानले जाते. तसेच घेणाऱ्याने विशिष्ट पत्ता नेमून दिला असल्यास, अभिलेख त्या नेमलेल्या साधनात शिरला म्हणजे तो प्राप्त झाला असे धरले जाते. यातून दोन व्यावहारिक नियम निघतात. पत्र ‘सेंट’ या कप्प्यात गेल्याचे पाहिल्यावरच जावक नोंदवहीत वेळ लिहावी. आणि पत्र अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत पत्त्यावर न पाठविता कार्यालयाने नेमून दिलेल्या पत्त्यावर पाठवावे. अधिकारी बदलून जातात, कार्यालय राहते.

एवढ्यानेही काम पूर्ण होत नाही. पत्र गेले म्हणजे ते वाचले गेले असे नव्हे. म्हणून मुखपत्रात ‘सोबत बेचाळीस कुटुंबांची यादी, पृष्ठे चार, कृपया पोच द्यावी’ असे स्पष्ट लिहावे. संख्या लिहिल्याने घेणाऱ्यास सहपत्र ताडून पाहता येते. घेणाऱ्या कार्यालयानेही ‘मिळाले’ एवढेच न कळविता ‘बेचाळीस नावे मिळाली’ असे कळवावे. चूक झालीच असेल, तर ती त्याच दिवशी उघडकीस येईल.

सरपंच व सदस्यांनी संगणक स्वतः चालविला पाहिजे असे नाही. परंतु ‘यादी पाठविली काय?’ या प्रश्नाबरोबर ‘कोणती प्रत पाठविली, किती नावे होती आणि पोच आली काय?’ हे तीन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांनी पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या शांत दिवशी वरील तयारी पूर्ण करून एक चाचणी-पत्र पाठवून पाहावे. वादळाच्या दिवशी नवी पद्धत शिकता येत नाही. खाडीपलीकडच्या वाडीतील शेवटच्या घराचे नाव यादीत लिहिले गेले, ते जसेच्या तसे ओरोसला पोहोचले आणि त्याची पोच आली, तरच त्या घरापर्यंत शासन पोहोचले असे म्हणता येईल.