वेल्डिंगआधी जॉब का तापवायचा

पुणे

चि. अमोल,

ईएन-१९ पोलादाचा शाफ्ट जोडण्याआधी २०० अंशांच्या वर तापवायचा, याला तू वेळखाऊपणा म्हणतोस. भोसरीतल्या तुझ्या वर्कशॉपमध्ये कुठे थंडी आहे, असंही विचारतोस. पण प्रश्न हवेचा नाहीच. आर्कखाली वितळलेलं पोलाद दीड हजार अंशांच्याही वर जातं आणि शेजारचा जाड, गार शाफ्ट ती उष्णता काही सेकंदांत ओढून घेतो. या पोलादात कार्बन सुमारे ०.४ टक्के, वर क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. ते असं झपाट्याने निवलं की जोडाच्या कडेची पट्टी टणक आणि ठिसूळ होते. म्हणजे नको तिथे आपणच हार्डनिंग करून बसतो. त्या पट्टीत दमट वेल्डिंग रॉडमधला हायड्रोजन शिरतो (पुण्याच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला रॉड दमट होणारच), जोड आकसताना ताण येतो आणि तडा जातो. आधी तापवल्याने निवणं लांबतं, पट्टी कमी टणक होते, हायड्रोजनला निसटायला सवड मिळते.

‘न तापवलेले जॉबही टिकले’ हा तुझा पुरावा कच्चा आहे. असा तडा दोन दिवसांनीही उघडतो, म्हणून तर ४८ तासांनी तपासणी करतात. तुझा जॉब तोवर डिस्पॅच झालेला असतो. सुटलेला तडा पुढे काय करतो ते पाहा: मेलबर्नचा किंग स्ट्रीट पूल १९६१मध्ये खुला झाला आणि १० जुलै १९६२च्या थंड सकाळी एका अवजड ट्रेलरखाली खचला. गर्डरच्या जोडांच्या कडेला बांधणीतच तडे पडले होते आणि ते तपासणीतून सुटले होते.

लो-हायड्रोजन रॉड पुरेसा नाही का? तो हायड्रोजन कमी करतो, तेही ओव्हनमध्ये नीट भाजला तर. टणकपणा आणि ताण तसेच राहतात. मात्र सरसकट तापवणंही चूकच. आयएस २०६२च्या १० मिमी प्लेटला सहसा गरज नसते, ३०४ स्टेनलेसला तर नकोच. हार्डन केलेला शाफ्ट त्याच्या टेम्परिंगपेक्षा जास्त तापला, तर त्याचा कस उतरेल. तिथे आधी ड्रॉइंगवाल्याला विचार.

टॉर्च मारलेल्या जागी हात धरून अंदाज घेऊ नकोस. ज्योत बाजूला कर, थोडं थांब आणि जोडापासून ७५ मिमीवर तापमानाच्या खडूने पाहा. मधल्या चहाच्या सुट्टीनंतर पुन्हा पाहा. काम संपलं की शाफ्ट उष्णतारोधक ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेव. पंखा लावू नकोस.

तुझा,
काका