वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला स्वस्त ऑइल चालेल का?

प्रश्न : माझी 2008ची पेट्रोल गाडी आहे. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालते. गॅरेजवाला महागडं सिंथेटिक ऑइलच घ्या म्हणतो, आणि तेही त्याच्याकडूनच. इथे आजूबाजूला ऑइलचे कारखाने आहेत. ‘कारखान्यातलंच’ म्हणून सुटं ऑइल निम्म्या भावात देणारेही भेटतात. काय करावं?
— एक वाचक, डोकमर्डी, सिल्वासा

उत्तर : साधं मिनरल ऑइल खुशाल घ्या. सुट्याच्या वाटेला मात्र जाऊ नका.

आधी हिशेब. समजा मिनरल 300 रुपये लिटर, सिंथेटिक 650, गाडीला लागतं तीन लिटर आणि फिल्टरचे 100. मिनरल पाच हजार किलोमीटरला बदललं तर खर्च 1,000. सिंथेटिक दहा हजारांना बदललं तर 2,050. किलोमीटरमागे 20 पैसे आणि साडेवीस पैसे, म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण तुमची गाडी दहा हजार चालायला अडीच वर्षं लागतील, आणि ऑइल चाललं नाही तरी वर्षभरात बदलावंच लागतं. म्हणजे सिंथेटिकच्या लांब आयुष्याचे पैसे भरायचे आणि ते आयुष्य वापरायचंच नाही. त्यातून इंजिन ऑइल पीत असेल, तर अधूनमधून वर घालायलाही स्वस्तच बरं.

स्वस्त म्हणजे हलक्या दर्जाचं नव्हे. डब्याच्या पुढच्या बाजूची चित्रं सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. एपीआय ‘एसएन’ हा दर्जा 2020पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना चालतो, ‘एसएल’ 2004पर्यंतच्या. ‘एसएफ’ तर 1988पर्यंतच्या गाड्यांसाठीचा. तो तुमच्या कामाचा नाही. घट्टपणा गाडीच्या पुस्तिकेतल्या तापमानाच्या तक्त्यावरून ठरवा. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. सिल्वासाच्या हवेत त्याची फारशी चिंता नाही, त्यामुळे पुस्तिकेत 20डब्ल्यू-40 दिलं असेल तर निर्धास्त घाला. निळा धूर दिसला म्हणून मात्र आपल्या मनाने आणखी घट्ट ऑइल ओतू नका. झिजलेल्या रिंगा त्याने भरून येत नाहीत.

आता सुटं ऑइल. सिल्वासात नामांकित कंपन्यांचे ऑइलचे कारखाने आहेत हे खरं, पण म्हणून पिंपातलं ऑइल त्यांचंच ठरत नाही. ते वापरलेलं, गाळून काळेपणा घालवलेलं असू शकतं, आणि डोळ्यांना ते कळत नाही. आवेष्टित वस्तूंच्या 2011च्या नियमांनुसार डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. पिंपावर यातलं काहीच नसतं. इंजिन जाम झालं तर दाद कोणाकडे मागणार?

राहिला गॅरेजवाला. एक वस्तू घेतली तरच दुसरी वस्तू वा सेवा देईन, ही अट 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘निर्बंधक व्यापार प्रथा’ ठरते. ‘तुम्ही आणलेल्या ऑइलची हमी मी घेणार नाही’ एवढं तो म्हणू शकतो, आणि ते रास्तही आहे. तेव्हा सीलबंद डबा पक्क्या बिलावर घ्या, बिलावर बॅच नंबर लिहून घ्या आणि सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. छापील किमतीपेक्षा जास्त मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही, पण हजार रुपयांच्या ऑइलसाठी तिथवर जाण्याआधी गॅरेज बदलून पाहा.