जेमाटाचं पान

पदवीच्या वर्गाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना माझ्या टिपणांच्या वहीतलं एक पान मला पुन्हा लिहावं लागलं. ते ‘जेमाटा’चं. त्यातून शिकलेलं इथे मांडतो.

१. छेद म्हणजे पेशी नव्हे.
जेमाटा ऑब्स्क्युरिग्लोबस हा ऑस्ट्रेलियातल्या एका धरणाच्या पाण्यात सापडलेला जिवाणू. १९९१ मध्ये फ्युर्स्ट आणि वेब या संशोधकांनी त्याच्या डीएनएभोवती दुहेरी पटल दाखवलं. जिवाणूला केंद्रक! मी ते चित्र फळ्यावर काढलं आणि आपल्या पेशींचा उगम इथेच असावा, असं मुलांना ठासून सांगितलं. २०१३ मध्ये हायडलबर्गच्या संशोधकांनी सलग छेद जोडून अख्खी पेशी उभी केली. ते पटल कुठेच पुरतं मिटलेलं नव्हतं; आतल्या पटलाच्याच त्या घड्या होत्या. निऱ्या घातलेलं लुगडं आडवं कापलं तर प्रत्येक निरी सुटी दिसते, तसं हे. फ्युर्स्ट यांच्या गटाने पुढेही आपली बाजू मांडली, पण मला २०१३ चा पुरावा अधिक पटतो.

२. ‘नाही’ म्हणताना थांबावं.
जेमाटाच्या गटाच्या भित्तिकेत जिवाणूंचं नेहमीचं पेप्टिडोग्लायकन नसतं, असंही मी शिकवत असे. २०१५ मध्ये तेही सापडलं.

३. नातं जनुकांना विचारावं.
त्याच वर्षी उत्तर अटलांटिकच्या तळाशी, ‘लोकीज कॅसल’ या उष्ण झऱ्यांजवळच्या गाळातून लोकीआर्किया हे जिवाणूंहून वेगळे सूक्ष्मजीव उजेडात आले. अॅक्टिनसारख्या, केंद्रकी पेशींची मिरास समजल्या जाणाऱ्या प्रथिनांची जनुकं त्यांच्यात निघाली. त्यांचा एक भाऊबंद जपानी संशोधकांनी बारा वर्षं खपून वाढवला. त्याची संख्या दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात. २०२० मध्ये तो जगाला दिसला: इवलासा, आत एकही कप्पा नाही, बाहेर मात्र लांब, फाटे फुटलेले बाहू. गुंतागुंतीचा जेमाटा आपल्या पेशींना दूरचा ठरला आणि हा साधा जीव सख्खा.

४. तरीही गुंतागुंतीचे जिवाणू सोडू नयेत.
ग्वादलूपच्या खारफुटीतला थायोमार्गरिटा मॅग्निफिका सेंटिमीटरभर लांब असतो आणि डीएनए पटलाच्या पिशव्यांत ठेवतो. कप्पे करण्याची वाट जिवाणूंनाही स्वतंत्रपणे सापडते, हे त्याच्यामुळे कळतं. आपल्या पूर्वजांत जिवाणू आहेच, पण तो मायटोकाँड्रियाच्या रूपाने आत आला.

शिकवणाऱ्यांना विनंती आहे: जेमाटाचं चित्र गाळू नका. १९९१ चं आणि २०१३ चं, दोन्ही शेजारी लावून दाखवा.