उताऱ्याची दुसरी प्रत
आभासी यंत्रांच्या बॅकअपची पूर्वनिर्धारित मांडणी कशी असावी?

कागलहून निपाणीकडे जाताना दूधगंगा ओलांडली की राष्ट्रीय महामार्गावर कर्नाटकाच्या हद्दीतील कोगनोळी हे गाव लागते. या टापूतील जुन्या घरांतून आजही माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी आढळते. तीत खरेदीखत, वाटणीपत्र, कर्जाच्या पावत्या व जमिनीचे उतारे जपून ठेवलेले असतात. घरातील कर्त्या माणसाने त्यांच्या नकला काढून एखाद्या नातेवाइकाकडेही ठेवलेल्या असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये दूधगंगा-वेदगंगेच्या पुरामुळे या भागातील महामार्गाची वाहतूकदेखील बंद पडली होती. अशा वेळी दुसऱ्या गावी ठेवलेल्या नकलेचे मोल कळते.

मात्र आज जमिनीची मूळ नोंद पेटीत नाही आणि तलाठ्याच्या दप्तरातही नाही. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाखाली सुमारे ६७ लाख खातेदारांचे जवळजवळ दोन कोटी उतारे संगणकावर घेण्यात आले आणि हस्तलिखित उतारे देण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद झाली. नदीपलीकडे कागल तालुक्यातील शेतकऱ्याचा सातबाराही संगणकावरच निघतो. यामुळे जनतेची सोय झाली, यात शंका नाही. परंतु माळ्यावरच्या पेटीची काळजी जशी घरचा कर्ता घेत असे, तशी या संगणकीय पेटीची काळजी कोण व कशी घेतो, हे समजून घेणे खातेदार, अधिकारी व शिक्षक या सर्वांनाच अगत्याचे आहे.

आभासी यंत्र म्हणजे काय?

मोठ्या कार्यालयाचे काम ज्या शक्तिमान संगणकावर चालते, त्यास सर्व्हर म्हणतात. एकाच सर्व्हरवर विशिष्ट आज्ञावलीच्या साह्याने अनेक स्वतंत्र संगणक चालविता येतात. त्यांना वेगळे लोखंडी शरीर नसते, म्हणून त्यांस आभासी यंत्रे म्हणतात. एका वाड्यात भिंती घालून दहा बिऱ्हाडे करावीत, तसाच हा प्रकार होय. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली अशी प्रणाली आपल्या मोठ्या संगणकांसाठी बाजारात आणली होती.

आभासी यंत्र हे अखेर काही फायलींचेच बनलेले असते. त्यामुळे संपूर्ण यंत्राची, म्हणजे आज्ञावली, नोंदी व मांडणी यांसह, प्रत काढता येते. हीच प्रत म्हणजे बॅकअप आणि त्या प्रतीवरून यंत्र पुन्हा उभे करणे म्हणजे पुनर्स्थापना. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्राची क्षणिक स्थिती टिपून ठेवण्याची ‘स्नॅपशॉट’ नावाची सोय असते. ही स्थिती बहुधा त्याच साठवणीत, मूळ फायलींच्या आधारावर राहते. वाडाच जळाला, तर बिऱ्हाडाबरोबर हे चित्रही जळते. म्हणून स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे.

काहीच न सांगता जे घडते ते

प्रत्येक संगणकप्रणालीत काही गोष्टी आधीच ठरविलेल्या असतात. कोणी वेगळे न सांगितल्यास यंत्र त्याप्रमाणे वागते. यास पूर्वनिर्धारित किंवा ‘डिफॉल्ट’ मांडणी म्हणतात. हिचे महत्त्व सहज ध्यानात येत नाही. कार्यालयात आज दहा यंत्रे असतील, पुढील वर्षी पंधरा होतील. प्रत्येक नव्या यंत्राचा बॅकअप कोणीतरी आठवणीने सुरू करावयाचा असेल, तर एखादे यंत्र राहूनच जाईल, आणि नेमके त्यातच गावाच्या नोंदी असतील. उलट ‘जे यंत्र निर्माण होईल त्याचा बॅकअप निघेल, वगळावयाचे असल्यास कारण नोंदवून वगळावे’ अशी मांडणी असेल, तर माणसाच्या विसराळूपणाचा फटका लोकांना बसत नाही. नवा सभासद झाला की सोसायटीच्या खतावणीत त्याचे पान उघडलेच पाहिजे, तसा हा नियम होय.

बॅकअपच्या मांडणीतील मुख्य बाबी

मांडणी करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. किती वेळाचे काम गमावले तरी चालेल? आणि सेवा किती वेळ बंद राहिली तरी चालेल? ही उत्तरे संगणक तंत्रज्ञाने नव्हे, तर कार्यालयप्रमुखाने द्यावयाची असतात. दिवसभरातील फेरफार पुन्हा नोंदविता येत असतील, तर रोज एक प्रत पुरेल. येत नसतील, तर तासातासाने प्रत हवी.

पहिली बाब वेळेची. कामकाज थांबलेले असते अशी रात्रीची वेळ ठरवावी.

दुसरी बाब प्रती किती काळ ठेवावयाच्या याची. ही ठरविली नाही, तर काही प्रणाली सर्व प्रती साठवीत राहतात आणि जागा संपल्यावर बॅकअपच बंद पडतो. काही प्रणालींत एकच प्रत ठेवण्याची मांडणी असते, त्यामुळे चुकीची नोंद उशिरा लक्षात आली, तर जुनी शुद्ध प्रत उरलेली नसते. सात दैनिक, चार साप्ताहिक व बारा मासिक प्रती ठेवणे, हा लहान कार्यालयास परवडणारा मार्ग आहे.

तिसरी बाब जागेची. २०० जीबीच्या यंत्राची रोज पूर्ण प्रत काढल्यास तीस दिवसांत ६,००० जीबी जागा लागेल. परंतु एक पूर्ण प्रत काढून नंतर फक्त बदललेला भाग घेतला आणि तो रोज दोन टक्के, म्हणजे ४ जीबी असेल, तर एकूण ३१६ जीबीतच काम भागते.

चौथी बाब प्रतीच्या शुद्धतेची. नोंद अर्धी लिहिलेली असताना प्रत निघाली, तर ती सदोष ठरू शकते. म्हणून क्षणभर लेखन थांबवून, हातातील नोंद पुरी करून प्रत घेण्याची सोय चालू ठेवावी.

पाचवी बाब सूचनेची. बॅकअप अयशस्वी झाल्यास ताबडतोब सूचना मिळावी, आणि ती एकाच व्यक्तीच्या भरवशावर नसावी.

या शेवटच्या बाबीचा धडा गिटलॅब या संस्थेस महागात शिकावा लागला. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून मुख्य नोंदसंग्रह चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप उघडून पाहता तेथे काहीच नव्हते. आज्ञावलींच्या आवृत्त्या जुळत नसल्याने तो निघतच नव्हता आणि अपयशाच्या सूचनांचे टपालही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून बहुतेक नोंदी वाचल्या. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्याच.

पुनर्स्थापनेची मांडणी

बॅकअपची मांडणी काळजीपूर्वक करणारेही पुनर्स्थापनेची मांडणी पाहत नाहीत. येथे तीन नियम पाळावेत. पहिला, जुनी प्रत चालू यंत्रावर कधीही थेट ओतू नये. तसे केल्यास कालच्या प्रतीखाली आजचे फेरफार पुसले जातील. प्रत नेहमी नव्या नावाने, वेगळ्या जागी उभी करावी. दुसरा, असे यंत्र प्रथम जाळ्यापासून तोडलेले ठेवावे, कारण एकाच ओळखीची दोन यंत्रे एकाच वेळी काम करू लागली, तर काही नोंदी इकडे व काही तिकडे होऊन गोंधळ उडतो. तिसरा, पुनर्स्थापनेचा व प्रती पुसण्याचा अधिकार एकाच हाती ठेवू नये.

तीन प्रती, दोन माध्यमे, एक परगावी

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला एक सुटसुटीत नियम आज सर्वत्र मानला जातो. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक परगावी असावी. हा नियम मोडल्यास काय होते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागून पाच जणांचा बळी गेला व हजारो नस्त्या जळाल्या. ज्या कागदांची प्रत दुसऱ्या कार्यालयात होती, त्यांचीच जुळणी शक्य होती. संगणकही या नियमास अपवाद नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रास आग लागली आणि सहाशेहून अधिक सेवा ठप्प झाल्या. शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली जेथे साठविल्या जात, ती सुमारे ८५८ टीबीची साठवण नष्ट झाली. ती फार मोठी असल्याने तिची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

आगीप्रमाणे घातपाताचाही विचार हवा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील सर्व्हरवर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे बरेचसे काम हाताने करावे लागले. म्हणून किमान एक प्रत अशी असावी, की ठरलेल्या मुदतीपर्यंत ती कोणासही बदलता वा पुसता येणार नाही.

आपण काय करावे?

बी-बियाणे पेरण्यापूर्वी शेतकरी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहतो. बॅकअपचीही उगवण पाहिली पाहिजे. कार्यालयप्रमुखांनी तिमाहीतून एकदा कोणतेही एक यंत्र प्रतीवरून उभे करवून घ्यावे, त्यातील एखादा उतारा मूळ उताऱ्याशी ताडून पाहावा आणि लागलेला वेळ नोंदवहीत लिहावा. सोसायटी, पतसंस्था व शाळा यांनी आपल्या संगणकांसाठी हाच पाठ लहान प्रमाणात गिरवावा. शिक्षकांना हा प्रयोग वर्गातही करता येईल. विद्यार्थ्यांनी एक फाइल तयार करावी, तिची प्रत ठेवावी, मूळ पुसावी आणि प्रतीवरून ती परत आणावी.

नागरिकांनीही ग्रामसभेत विचारावे, की आमच्या नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली? या प्रश्नाचे उत्तर तारखेसह मिळाले, तरच आपला उतारा खऱ्या अर्थाने सुरक्षित आहे असे समजावे.