उजव्या पायाचा हिशेब

चि. बंडूस,


ताईचा फोन आला होता. तुझा टीए, म्हणजे प्रवासभत्ता, पेट्रोलपंपावरच संपतो, औषध कंपनी किलोमीटरमागे देते ते गाडीला पुरत नाही, असं सांगत होती. शिवाय तुझी एक तक्रारही पोचवली: गाडीच्या जाहिरातीत लिटरला बावीस म्हटलं होतं आणि मिळतात पंधरा, म्हणजे फसवलं. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि ऐकत काहीच नाहीस, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी त्या बावीसचं. तो आकडा खोटा नाही, पण तुझ्या रस्त्याचाही नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमीजास्त करत मोजमाप घेतात. वेग नव्वदच्या वर जात नाही, एसी बंद असतो. खड्डा नाही, घाट नाही, पुढे उसाची ट्रॉली नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक आहे. तुझा खरा आकडा तुलाच काढायचाय. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भर, किलोमीटर वहीत लिहून ठेव आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भर. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. हे दोन-तीन टाक्या कर. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा जरा खुशामतीचा असतो, त्यावर जाऊ नकोस.

आमच्या एसटीत हाच हिशेब दहा लिटरमागे करत. केपीटीएल म्हणायचे. डेपोत कोणाचा किती पडतो हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मार्ग तोच, गाडी तीच, ड्रायव्हर दोन, आणि आकड्यात फरक. चांगला आकडा काढणाऱ्याशेजारी बसून बघितलं की एकच गोष्ट दिसायची: तो ब्रेक फार कमी वापरायचा. हळू चालवायचा असंही नाही, वेळेवर पोचायचा. फक्त त्याची नजर पुढे लांबवर असायची.

हे नीट समजून घे, बाकी सगळं यातूनच निघतं. गाडीला वेग येतो तो पेट्रोल जाळून. ब्रेक दाबलास की तो वेग ब्रेकपॅडवर उष्णता होऊन उडून जातो. म्हणजे ब्रेक मारताना तू आधी जाळलेलं पेट्रोल टाकून देत असतोस. लाल सिग्नल दोनशे मीटरवरून दिसतो, तरी तू रेटत जातोस आणि तिथे पोचून करकचून थांबतोस. त्याऐवजी लांबूनच पाय उचल. कित्येकदा तू पोचेपर्यंत हिरवा झालेला असेल आणि गाडी चालू वेगातच पुढे जाईल. गळीत हंगामात जयसिंगपूर रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात. त्यांच्या शेपटाला चिकटून अॅक्सिलरेटर-ब्रेक, अॅक्सिलरेटर-ब्रेक करण्यापेक्षा चांगलं अंतर सोड, तिसऱ्या गिअरवर निवांत चाल आणि रस्ता मोकळा दिसला की एकदाच पुढे निघ.

आता आंबा घाट. रत्नागिरीला जाताना तो न्यूट्रलमध्ये उतरतोस हे तूच मोठ्या फुशारकीने सांगितलं होतंस. ही सवय कार्बोरेटरच्या जमान्यातली, तुला कोणा जुन्याने शिकवली असणार. तुझ्या गाडीत इंजेक्शन आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढलास की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रल केलंस की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पुन्हा पेट्रोल द्यावं लागतं. थोडक्यात, वाचवायला जातोस आणि उलट जास्त जाळतोस. वर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. किल्ली फिरवून इंजिनच बंद करणारे महाभाग तर मी पाहिलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं, किल्ली आणखी मागे गेली तर लॉकही होऊ शकतं. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, हा नियम पेट्रोलसाठी नव्हे तर जिवासाठी केलेला. त्यात पेट्रोलही वाचतं हा वरचा फायदा.

वेगाचं गणित सोपं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचे शंभर केलेस की तो दीडपटीच्याही वर जातो. कोल्हापूर ते कराड साधारण सत्तर किलोमीटर धर. शंभरने गेलास तर ऐंशीपेक्षा दहा-अकरा मिनिटं वाचतील, आणि मग डॉक्टरांच्या केबिनबाहेर तासभर बसशील. पीसीआरए ही सरकारी संस्था तर पंचेचाळीस ते पंचावन्नच सांगते. हायवेवर ते जमणार नाही हे मलाही कळतं. ऐंशी धर, पण ऐंशीच धर. गिअर लवकर बदल, दोन हजार आरपीएमच्या आसपास वरचा टाक. मात्र इंजिन थडथडायला लागलं तर हट्ट करू नकोस.

टायरमधली हवा पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर गार असताना बघ. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तेवढी भर. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. नायट्रोजनला पैसे घालवू नकोस, साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच आहे. छतावरचं कॅरिअर काढून टाक, रिकामंसुद्धा ते वारा अडवतं. डिकीतल्या जुन्या सॅम्पलच्या पेट्या आणि गेल्या वर्षीच्या डायऱ्यासुद्धा.

पहाटे गार वेळी पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, शंभर रुपयांऐवजी एकशेदहाचं घ्यावं, हे सगळं सोडून दे. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट-दुपारचा फरक जवळजवळ पोचतच नाही. महागडं प्रीमियम पेट्रोल तुझ्या साध्या इंजिनाला नको. एक गोष्ट मात्र खरी आहे: आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. अॅव्हरेज थोडा उतरणारच. आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, चार पैसे आपल्याच कारखान्यांकडे जातात असं समजून गप्प बसायचं. तुझी गाडी जुनी आहे, तिला ई20 चालतं का, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून ठेव.

गोव्याला गेलास तर येताना टाकी भरून ये, तिथे राज्याचा कर कमी आहे. मुद्दाम पेट्रोल भरायला म्हणून हद्द ओलांडणं मात्र शुद्ध वेडेपणा.

सगळ्यात मोठी बचत तुझ्या टूर प्रोग्रामात आहे आणि तिकडे तुझं लक्षच नाही. जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड, इचलकरंजी एका दिवशी. गडहिंग्लज आणि आजरा एका दिवशी. सकाळी गारगोटी आणि दुपारी इचलकरंजी असलं काही लिहू नकोस. राजारामपुरीत गाडी एकदाच लाव आणि गल्ल्या पायी कर. गार इंजिन जास्त पितं, ते तापायच्या आत तू पुन्हा बंद करतोस. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धर. पंधराचा अॅव्हरेज अठरा झाला तर जवळजवळ अठ्ठावीस लिटर वाचतात. आजच्या भावाने अडीच हजारांच्या वर झाले. कंपनीचा दर तोच राहतो, म्हणजे हे पैसे सरळ तुझ्या खिशात.

सीएनजी किटचं विचारलंस. तुझं फिरणं बघता परवडेल, पण वर्षभर ही गाडी ठेवणार असशील तरच बघ. मान्यताप्राप्त किट घे, आरसी बुकात नोंद कर, विमा कंपनीला कळव, सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी चुकवू नकोस. घाटात दम कमी पडेल आणि डिकी जाईल. आधी दोन महिने मी सांगितलं तसं चालवून बघ, मग ठरव.

रविवारी वही घेऊन ये. आणि ताईला सांग, मिरच्यांचं पोतं मी एसटीच्या पार्सलने पाठवतोय, तुझ्या डिकीत नको.

तुझा,
मामा