रोजच्या कामात अर्थ असतो का?



काही दिवसांपूर्वी शेलूबाजार परिसरातील एका घरी भेटीला गेलो होतो. घरधनी जाऊन वर्ष झाले होते. ताई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "रोजचं तेच हाये, फादर. वावरात जा, घरी या, चूल पेटवा. याच्यात काय अर्थ हाये?"

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो आहे. त्या दिवशी मी जे बोललो ते सारे पुस्तकी होते. ताईंनी ऐकून घेतले आणि चहा ठेवायला उठल्या. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला.

हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. त्यात आपला वाशीम जिल्हा होता. कर्ता माणूस गेला की शेत, मुले आणि देणे बाईच्या खांद्यावर येते. अशा जीवनात अर्थ शोधायचा कुठे?

मला बहिणाबाई चौधरी आठवल्या. १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले, तिशीत वैधव्य आले. पदरी तीन मुले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. दळता-कांडताना आणि शेतात राबताना त्या आपल्याच बोलीत गाणी रचत. विषय कोणते? चूल, जाते, पेरणी, सुगरण पक्ष्याचा खोपा, माणसाचे मन. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने त्यातली काही उतरवून घेतली, बाकीची वाऱ्यावर गेली. १९५१ साली त्या वारल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने आली. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

त्यांचे काम बदलले नव्हते. दळण तेच होते आणि वावरही तेच. बदलली होती ती पाहण्याची दृष्टी. सर्जनशीलता म्हणजे काही वेगळा व्यवसाय नव्हे. हाती असलेल्या कामात आपले मन ओतणे, म्हणजेच सर्जनशीलता. आणि धैर्य म्हणजे दुःख न होणे नव्हे. दुःख होत असतानाही जात्याचा खुंटा हाती धरणे, हे धैर्य.

व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून वाचले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी जीवनाला अर्थ देणाऱ्या तीन वाटा सांगितल्या: आपण करतो ते काम, आपण करतो ते प्रेम, आणि टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण ज्या वृत्तीने सामोरे जातो ती वृत्ती. बहिणाबाईंनी हे पुस्तक वाचले नव्हते, पण तिन्ही वाटा त्या चालल्या.

प्रभू येशूनेही देवराज्य समजावताना पिठात खमीर मिसळणारी बाई दाखवली. हरवलेले नाणे शोधायला दिवा लावून घर झाडणारीही दाखवली. घरकाम त्याला क्षुल्लक वाटले नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. जे दुःख टाळता येते ते टाळलेच पाहिजे. अर्थ सापडला म्हणून कर्ज फिटत नाही. ताईंना उपदेशाआधी सातबारावर नाव चढवायला, निवृत्तिवेतनाचा अर्ज भरायला आणि पेरणीच्या दिवसांत चार हातांची मदत हवी असते. ती देणे हे आपले काम आहे, आणि आपल्याही जीवनाचा अर्थ त्यातच आहे.

पुढच्या खेपेला मी ताईंकडे गेलो, तेव्हा उपदेश केला नाही. "जात्यावरची एखादी ओवी येते का?" एवढेच विचारले. ताई लाजल्या. मग त्यांनी आपल्या आईची एक ओवी म्हटली, आणि दुसरी स्वतःची.

या आठवड्यात घरच्या सर्वांनी मिळून विचार करावा:
१. माझ्या रोजच्या कामांपैकी कोणते काम मी मन लावून करतो?
२. कोणते दुःख मी धैर्याने पेलतो आहे, आणि कोणते दूर करण्यासाठी मदत मागायला लाजतो आहे?
३. माझ्या शेजारी अशी कोणती ताई आहे, जिच्या दारी मी अजून गेलो नाही?

आपला,
धर्मगुरू