बंदुकीच्या भागांची श्राव्यातीत ध्वनीने स्वच्छता : यंत्राची निवड व वापर

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक वर्षातून फार थोडे दिवस हातात येते. उरलेला काळ ती घरातील कपाटात पडून राहते, किंवा निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा असते. गोव्यातील सत्तरी, काणकोण अशा तालुक्यांत आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणा इतका असतो की, न पुसता ठेवलेले पोलाद थोड्याच दिवसांत तांबूस दिसू लागते. गंजलेला चाप अडकतो, किंवा मळाने बुजलेल्या वाटेमुळे बार उशिरा उडतो. अशा वेळी धोका धरणाऱ्यालाच अधिक असतो. म्हणून बंदुकीची स्वच्छता हा हौसेचा नव्हे, तर सुरक्षिततेचा विषय आहे.

सराफाच्या व चष्म्याच्या दुकानात, तसेच मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर पाण्याच्या छोट्या टाकीत वस्तू स्वच्छ करणारे एक यंत्र आता सर्रास दिसते. त्याच तत्त्वावरील यंत्रे बंदुकीच्या भागांसाठीही वापरली जातात. ती कशी निवडावीत, कशी वापरावीत आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती परवानाधारक शेतकरी, शस्त्रागारातील कर्मचारी आणि राष्ट्रीय छात्रसेनेचे काम पाहणारे शिक्षक या सर्वांना उपयोगी पडावी, या हेतूने हा पाठ दिला आहे.

मळ कशाचा असतो?

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. ती जळाल्यावर पोटॅशियमचे क्षार मागे राहतात. हे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात आणि त्यांच्याखाली पोलाद गंजू लागते. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटमुळेही असाच क्षार नळीत उरतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यामुळे नुसता तेलाचा बोळा फिरवून नळी चकचकीत दिसली, तरी आतील क्षार जागच्या जागी राहतो. आधुनिक काडतुसांच्या बाबतीत काजळी, घट्ट झालेले तेल आणि शिशाचे कण हा मुख्य मळ होय.

यंत्राचे कार्य

माणसाच्या कानाला दर सेकंदास सुमारे २० हजारांपर्यंतची कंपने ऐकू येतात. त्यापलीकडील ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. याच्या उलट क्रियेने, म्हणजे विजेने स्फटिकसदृश पदार्थ कंपित करून, यंत्राच्या टाकीचा तळ दर सेकंदास साधारण २५ ते ४० हजार वेळा हलविला जातो. त्यामुळे द्रवात असंख्य सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात आणि क्षणात मिटतात. मिटताना बसणाऱ्या धक्क्याने पृष्ठभागावरील मळ सुटतो. ज्या खाचेत कुंचला पोहोचत नाही, तेथेही द्रव पोहोचतो. हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे.

जहाजांच्या पंख्यांची झीज का होते, याचा विचार करताना लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये अशाच मिटणाऱ्या पोकळ्यांचे गणित मांडले होते. जी शक्ती जहाजाचा पंखा कुरतडते, तीच येथे मळ काढते. म्हणून यंत्र गरजेपेक्षा अधिक वेळ चालविणे हिताचे नसते.

यंत्राची निवड

वर्षातून दोन-चार बार काढणाऱ्या शेतकऱ्याने हे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. गज, चिंध्या, कुंचला, गरम पाणी आणि चांगले तेल एवढ्यावर त्याचे काम भागते. नेमबाजी मंडळे, परवानाधारक बंदूक-दुरुस्तीकार आणि शस्त्रागारे यांना मात्र ते उपयुक्त ठरते. खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. टाकी गंजरोधक पोलादाची असावी. तिला जाळीची टोपली, झाकण, तापक, वेळ लावण्याची सोय आणि पाणी काढण्याची तोटी असावी.

२. सर्वसाधारण कामास ४० हजार कंपनांचे यंत्र योग्य असते. २५ हजारांच्या आसपासचे यंत्र अधिक जोरकस, पण नाजूक भागांना कठोर असते.

३. विक्रेते कधी कधी तापकाची व ध्वनीची वीजशक्ती एकत्र करून सांगतात. दोन्ही आकडे वेगवेगळे विचारावेत.

४. बारा बोअरच्या बंदुकीची नळी बहुधा २८ ते ३० इंचांची असते. ती लहान टाकीत मावत नाही. नळीसाठी गज व कुंचला हेच साधन ठेवावे आणि यंत्र लहान भागांपुरते वापरावे.

५. जोडणी तीन पिनांची व जमिनीशी जोडलेली असावी.

काही स्वस्त यंत्रांत नुसती थरथरणारी मोटर असते. खऱ्या यंत्राची परीक्षा सोपी आहे. पातळ ॲल्युमिनियमच्या वर्खाची पट्टी टाकीत सुमारे एक मिनिट उभी धरावी. यंत्र खरे असेल तर पट्टीवर सर्वत्र बारीक खळगे व छिद्रे पडतात. शाळेत ध्वनी हा घटक शिकविताना शिक्षकांना हा प्रयोग करून दाखविता येईल. प्रयोगानंतर वर्खाचे कण राहू नयेत म्हणून पाणी बदलावे.

काय घालू नये?

जिवंत काडतूस, टोपी किंवा दारूचा अंश असलेली कोणतीही वस्तू टाकीत कदापि घालू नये. लाकडी दस्ता, भिंगे, रंगविलेले भाग आणि मुलामा सुटू लागलेले भाग बाहेर ठेवावेत. दुनळी बंदुकीच्या जोडनळ्याही घालू नयेत, कारण नळ्यांमधील पट्टीखाली पाणी शिरल्यास ते निघत नाही व आतून गंज धरतो. ॲल्युमिनियमच्या भागांस तीव्र अल्कधर्मी द्रावण चालत नाही. पेट्रोल, रॉकेल व थिनर हे ज्वालाग्राही द्रव टाकीत ओतल्यास आग लागू शकते.

पितळी भागांस अमोनियायुक्त द्रावण लावू नये. ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांची पितळी टोपणे आपोआप तडकत असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया व धातूतील ताण ही त्याची कारणे असल्याचे मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये स्पष्ट केले.

वापराची पद्धत

प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. ठासणीच्या बंदुकीत गज तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि तो नळीच्या बाहेरून लावून पाहावा. खूण नळीच्या तोंडाशी ठेवली असता गजाचे टोक काना असलेल्या जागेपर्यंत पोहोचत नसेल, तर आत बार असण्याचा संभव आहे. अशी बंदूक उघडू नये, दुरुस्तीकारास कळवावे.

त्यानंतर भाग सुटे करून जाडसर मळ कुंचल्याने काढावा. टाकी खुणेपर्यंत भरून सौम्य द्रावण बाटलीवरील प्रमाणात मिसळावे. द्रावण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. नवे द्रावण ५ ते १० मिनिटे रिकामेच चालवावे, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते. ही हवा असेपर्यंत स्वच्छता नीट होत नाही. भाग टोपलीत एकमेकांस न टेकता मांडावेत. ते टाकीच्या तळाला लागू देऊ नयेत. एका वेळी पाच मिनिटे चालवून पाहावे, गरज वाटल्यास पुन्हा चालवावे. यंत्र सुरू असताना हात आत घालू नये.

यापुढील काम सर्वांत महत्त्वाचे आहे. यंत्र मळ काढते, त्याबरोबर संरक्षक तेलही काढते. टाकीतून निघालेले पोलाद उघडे असते आणि दमट हवेत काही तासांतच गंजू लागते. म्हणून भाग लगेच स्वच्छ गरम पाण्याने धुवावेत, गरम हवेने पूर्ण वाळवावेत, पाणी बाजूला सारणारे तेल लावावे आणि शेवटी बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल किंवा खाद्यतेल वापरू नये. ते खवट होते, चिकट थर धरते आणि खोबरेल थंडीत थिजते. चामड्याच्या किंवा कापडी म्यानात बंदूक दीर्घकाळ ठेवू नये, कारण म्यान ओलावा धरून ठेवते.

शिसे व सांडपाणी

वापरलेल्या द्रावणात शिसे असते. ते लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपायकारक आहे. हे काम स्वयंपाकघरात किंवा विहिरीजवळ करू नये. हातमोजे घालावेत आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. टाकीत साधे पाणी व त्यात काचेच्या भांड्यात द्रावण ठेवल्यास दूषित द्रव थोडाच निघतो. तो गटारात न ओतता झाकणाच्या डब्यात साठवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांनुसार निकालात काढावा.

कायद्याची मर्यादा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येनुसार शस्त्राचे भाग हेही शस्त्रच आहेत. तसेच शस्त्रांची दुरुस्ती व्यवसाय म्हणून करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. म्हणून घोडा, चाप किंवा कुलपाचे भाग धुण्यासाठी सराफाकडे अथवा मोबाइलवाल्याकडे देऊन येऊ नये. स्वच्छता परवानाधारकाने स्वतः करावी, किंवा परवानाधारक दुरुस्तीकाराकडे पावती घेऊन द्यावी. छात्रसेनेच्या रायफली शासकीय मालमत्ता असल्याने, शिक्षकांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे त्या सुट्या करू नयेत.

यंत्र कितीही चांगले असले तरी ते अर्धेच काम करते. धुतल्यानंतर वाळविणे, तेल लावणे आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याने कपाट उघडून पाहणे, हे काम माणसाच्या हातानेच व्हावे लागते. ज्या घरी हा नेम पाळला जातो, तेथे यंत्र नसले तरी बंदूक दीर्घकाळ निर्दोष राहते. जेथे तो पाळला जात नाही, तेथे उत्तम यंत्रानेही ती लवकर गंजते.